मुलुंडच्या गच्चीवर एक गळका तंबू

मुलुंडमधल्या एका भटक्या मंडळींच्या गटाकडे बारा बाय बारा फुटांचा जुना कॅनव्हासचा तंबू आहे. दोन खांब, त्यांवर आडवं आढं, दोन्हीकडे उतरती पाखं आणि खाली तीन फूट उंचीच्या सुट्या कनाती. मांडववाल्याकडून सेकंडहँड घेतलेला. शाळकरी पोरांची शिबिरं त्यातच होतात. मे अखेरीस भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे बघायला गेले असताना रात्री वळीव कोसळला आणि आतल्या सगळ्यांची अंथरुणं भिजली. परत आल्यावर ओला तंबू जमेल तसा वाळवून घडी घातला, पोटमाळ्यावर टाकला, आणि पावसाळा संपेपर्यंत त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

दिवाळीनंतर गटाचा म्होरक्या, ज्याला सगळे दादा म्हणतात, माझ्याकडे आला. मी लोअर परळच्या एका मिलच्या प्रोसेसिंग लॅबमध्ये नोकरी केलेली, त्यामुळे कापडाला काय फासायचं हे मला तोंडपाठ असणार अशी त्याची समजूत. "ताई, तुम्ही फक्त नाव सांगा, मी मस्जिद बंदरहून घेऊन येतो." नाव सांगायला काही लागत नाही. पण पाणी कुठून येतंय हे कळल्याशिवाय नाव सांगणं म्हणजे पेशंट न बघता गोळ्या लिहून देणं. म्हणून आधी तंबू गच्चीवर उभा करायचं ठरलं. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याजोगं वाटलं ते एवढ्यासाठी, की गळतीची कारणं तीन निघाली आणि तिन्हींत केमिकलची पाळी शेवटी आली.

गच्ची मिळवणं

मुंबईत बारा फुटी तंबू उभा करायला जागा म्हणजे सोसायटीची गच्ची, आणि गच्ची म्हणजे सेक्रेटरी. त्यांची एकच अट होती: गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला एकही भोक पडता कामा नये. ती रास्तच होती. खुंट्या ठोकता येणार नव्हत्या, म्हणून वीस लिटरचे पाण्याचे जार भरून तणावे त्यांना बांधले, दोन तणावे कठड्याच्या पिलरला. टाकीच्या पाइपला काही बांधायचं नाही हे पोरांना दोनदा सांगावं लागलं.

तंबू उलगडला आणि पोटमाळ्याचा हिशेब समोर आला. मागच्या कनातीवर मिरपूड सांडावी तसे काळे ठिपके, आणि बंद गोदामाचा वास. ही बुरशी. कॅनव्हास सुती असेल तर तो तिचं अन्नच, कारण कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. हवेतली आर्द्रता सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला बाहेरून पाण्याची गरज राहत नाही, आणि जुलैत मुंबईची हवा दिवसचे दिवस त्याच्या वर असते. ठिपके धुऊन फिके होतात, पण खाल्लेला धागा परत येत नाही. म्हणून डाग किती काळा आहे हे बघण्यापेक्षा कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणून बघावं. मागच्या कनातीचा एक पट्टा असा ताणला तर कागदासारखा फाटला. बाकीच्या कनाती आणि दोन्ही पाखं मात्र धडधाकट होती.

पाख्यांची स्थिती बघण्यासाठी आम्ही ठिकठिकाणी चमच्याने पाण्याचे थेंब टाकले. सगळीकडे तेच: थेंब पसरला, काळपट डाग पडला, कापडाने पाणी पिऊन टाकलं. एक जागा सोडून. आढ्याजवळ एक जुनं थिगळ होतं, त्याची शिवण उसवून आतली दुमड उघडली, तर तिथे थेंब मोत्यासारखा उभा राहिला. म्हणजे मूळ कापडाला जलरोधक प्रक्रिया केलेली होती. उघड्या भागावरची गेली, झाकलेल्या भागातली राहिली. नुसत्या उन्हाने ती विरळ झाली असती, पण इतकी सपाट नाही. मी दादाला विचारलं, हा धुता कसा?

"दर शिबिरानंतर. चिखल असतो ना. दोन किलो पावडर टाकून, पाय देऊन."

जमिनीलगतच्या पट्टीचा हातभर तुकडा कापला, बाटलीत स्वच्छ पाण्यात भिजवून जोरात हलवला. फेस आला. चांगला बोटभर, कुणी साबण न घालता. पावडर पूर्ण खळबळून निघालीच नव्हती, ती वर्षानुवर्षं कापडात साठत आली होती. डिटर्जंटचं कामच पाण्याला कापडात शिरायला मदत करणं. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला चिकटतं, दुसरं पाण्याला ओढतं. धाग्यावर असा थर बसला की त्याच्या वर किंवा खाली जगातलं कुठलंही जलरोधक असो, पाणी आत घ्यायला दार उघडंच राहतं. या अवस्थेत दादाने बाजारातून काही आणून फासलं असतं तर पैसे तर गेलेच असते, वर "हे प्रॉडक्ट बोगस आहे" असा निष्कर्षही निघाला असता.

पाइप बाहेर, खडू आत

थेंबाची तपासणी कापडाची झाली. तंबूची तपासणी वेगळी असते. एक पोरगा बाहेर पाइप घेऊन, दुसरा आत खडू घेऊन. बाहेरच्याने वळचणीपासून सुरुवात करून हळूहळू आढ्याकडे जायचं. वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते समजत नाही. आतल्याने ओल दिसेल तिथे खडूने गोल करायचा. सोसायटीचं पाणी सकाळी दोन तास, म्हणून हे काम दोन सकाळींत विभागलं.

पाख्यांच्या मधल्या भागात बारीक तुषार येत होते. डिटर्जंटचा परिणाम. पण खडूचे दाट गोल जमले ते दोन थिगळांभोवती. तिथून तुषार नाही, सरळ धार.

थिगळ बाहेरून नीट दिसत होतं, शिवण सरळ, टाके बारीक. गडबड दोन ठिकाणी होती. पहिली, त्याची वरची कड मूळ कापडाच्या वर ठेवून शिवलेली. कौलं चढवताना वरचं कौल खालच्यावर येतं, म्हणून पाणी पायरी उतरत जातं. इथे वरची कड उघडी राहिल्याने पाख्यावरून येणारं पाणी थेट थिगळाच्या पोटात जात होतं, आणि आत शिरलेलं पाणी सुईच्या भोकांतून खाली. अशी कड मूळ कापडाच्या दुमडीखाली सरकवायला हवी. दुसरी, शिवण पॉलिएस्टरच्या दोऱ्याने. सुती दोरा ओला झाला की फुगतो आणि सुईचं भोक आतून बुजवतो. पॉलिएस्टर पाणी पीत नाही, फुगत नाही, भोक आहे तसंच राहतं. गल्लीतला शिंपी पँट शिवतो तेव्हा हा फरक कुणाला दिसणारही नाही. तंबूत तो रात्री दोन वाजता दिसतो.

सुती कॅनव्हासचा सगळा भरवसा या फुगण्यावर आहे. कोरा तंबू घेतला की एकदा-दोनदा भिजवून ताणलेल्या अवस्थेत वाळवायचा असतो, तो याचसाठी. धागे आणि दोरे फुगून, मग आकसून, आपापल्या भोकांत घट्ट बसतात. पहिल्या पावसात नवा तंबू ठिबकला म्हणून दुकानदाराशी भांडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना तो तंबू चार बादल्या पाणी मारून परत उभा करायला सांगावं.

तिसरं कारण गच्चीवर दिसलं नाही, ते पोरांच्या बोलण्यातून बाहेर आलं. "पहाटे तर पाऊस थांबला होता, तरी वरून टपकत होतं." पाऊस थांबल्यावर टपकणारं छप्पर गळत नसतं, त्याला घाम आलेला असतो. त्या रात्री गळती सुरू झाल्यावर त्यांनी निळी प्लॅस्टिकची ताडपत्री कॅनव्हासवरच पसरून बांधली होती. दहा-बारा जणांचा श्वास, ओले कपडे, खाली ओली जमीन. ती वाफ एरवी कॅनव्हासच्या विणीतून बाहेर जाते. वर प्लॅस्टिक टेकलं की तिला वाट राहत नाही. पहाटे प्लॅस्टिक गार पडतं, वाफ त्याच्या खालच्या अंगाला पाणी होऊन बसते आणि कॅनव्हासला टेकून आत झिरपते. ताडपत्री काढली असती तर पहाटेचा त्रास थांबला असता. त्यांनी आणखी एक ताडपत्री टाकली.

धुणं, म्हणजे न धुणं

डिटर्जंट काढायला एकच औषध, पाणी. तंबू थोडा थोडा करून प्लॅस्टिकच्या पिंपात तासभर भिजवायचा, पाय न देता दाबायचा, पाणी बदलायचं, आणि शेवटच्या पाण्याचा नमुना बाटलीत हलवून बघायचा. फेस यायचा थांबेपर्यंत हेच. पिंपातलं पाणी फेकलं नाही, जिने आणि गच्ची धुवायला वापरलं, त्यामुळे सेक्रेटरींचाही राग निवळला. बुरशीचे ठिपके मऊ ब्रशने कोरडे झटकले, मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसून घेतले आणि पुन्हा खळबळले. ब्लीचिंग पावडर लावायचा मोह सगळ्यांना होतो. डाग जातो खरा, पण सोबत धाग्याचा जोरही जातो. आधीच खाल्लेल्या कापडावर तो धोका घेण्याजोगा नव्हता. डाग राहिले तर राहू देत, शिबिरात कुणी तंबूचं लग्न लावत नाही.

थिगळांसाठी कुर्ल्यातला एक कारागीर मिळाला. टॅक्सी-टेम्पोची हुडं शिवतो, जाड कापडाची मशीन त्याच्याकडे आहे. त्याला सुती दोरा, जाड सुई, मोठा टाका आणि कड खालून घालायची एवढंच सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, हे तर आम्ही वीस वर्षं असंच करतो, सांगता काय." फाटक्या पट्ट्याच्या जागी नवा कॅनव्हास घालायचं काम त्याने नंतरवर टाकलं, कारण त्या वजनाचा कपडा त्याच्याकडे नव्हता.

चार तुकडे

आता केमिकल. दरम्यान, शेजारच्या विंगेच्या गच्चीवर पावसाळ्यापूर्वीचं काम करणारा वॉटरप्रूफिंगचा कंत्राटदार हे सगळं बघत होता. त्याने उदारपणे उरलेला ॲक्रिलिकचा थर तंबूला मारून द्यायची तयारी दाखवली. काँक्रीटची घडी घालायची नसते, तंबूची घालायची असते. तो थर पहिल्या घडीत चिरतो आणि प्रत्येक चीर म्हणजे नवी गळती. शिवाय विणीची भोकं बुजतात, म्हणजे घामाचं दुखणं कायमचं. त्याला चहा पाजून परत पाठवलं.

जवसाचं तेल मी यादीतूनच काढलं. जुन्या काळी तेलकट कापडं त्यानेच करत, पण ते वाळतं म्हणजे हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि त्या क्रियेत उष्णता निघते. तेल लावलेलं कापड घडी घालून बंद जागी ठेवलं की ती उष्णता साठत जाऊन आपोआप पेट घेऊ शकतं. मुंबईच्या पोटमाळ्यावर असली वस्तू कुणी ठेवू नये.

उरलेल्या चार पर्यायांसाठी जमिनीलगतच्या पट्टीचे चार तुकडे घेतले.

पहिला मेणाचा: पॅरफिन आणि थोडं मधमाश्यांचं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून, उन्हात गरम केलेल्या कापडावर घासून. पाणी अडवण्यात हा सगळ्यांत पुढे. पण तुकडा हाताला जड लागत होता, एप्रिलच्या उन्हात वर ठेवलेला वर्तमानपत्राचा कागद त्याला चिकटला, धूळ बसली ती निघेना. पूर्ण छपराला मेण लावलं तर दोन माणसांचं ओझं तिघांचं होईल, आणि मेणाचं कापड आगीला लगेच धरतं. पोरं तंबूच्या दारात स्टोव्ह पेटवतात, हे मला माहीत होतं.

दुसरा साबण-तुरटीचा, माझा लाडका. गरम पाण्यात लिटरमागे पन्नास-साठ ग्रॅम साबण किसून विरघळवायचा, कापड त्यात मुरवायचं, पिळायचं, मग तेवढ्याच तीव्रतेच्या तुरटीच्या पाण्यात बुडवायचं. साबण म्हणजे तेलातल्या आम्लांचं सोडियमशी झालेलं लवण, पाण्यात विरघळणारं. तुरटीतलं ॲल्युमिनियम सोडियमची जागा घेतं आणि धाग्याच्या आतच ॲल्युमिनियमचा साबण तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही, उलट पाण्याला दूर ठेवतो. यात एक मेख आहे. दुकानात साबण म्हणून मिळणाऱ्या कपड्यांच्या बऱ्याच वड्या डिटर्जंटच्या असतात, त्यात हे तेलाचं आम्लच नसतं. त्या वडीने हा प्रयोग केला तर आपण परत त्याच फेसात. वेष्टनावर काय लिहिलंय ते वाचून घ्यावं. दुसरी मेख पाण्याची. पोरांनी आधी बोअरवेलचं पाणी घेतलं, साबणाचे पांढरे गोळे पिंपातच झाले, कारण जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाला कापडापर्यंत पोचूच देत नाही. महापालिकेचं तलावाचं पाणी मृदू, त्यात काम झालं. शेवटी साध्या पाण्यात नीट खळबळावं लागतं. तुरटी आम्लधर्मी, ती कापडात उरली तर उन्हात सुताला हळूहळू कुजवते.

तिसरा तुकडा तंबूसाठी तयार मिळणाऱ्या, पाण्यात मिसळलेल्या सिलिकॉनच्या द्रावणाचा. नुसत्या हवेत वाळणारा.

चौथा दादाच्या हट्टाचा. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका व्यापाऱ्याने त्याला "मिलमध्ये हेच वापरतात" म्हणून फ्लोरिनयुक्त इमल्शन दिलं होतं, तयार द्रावणाच्या मानाने खूप स्वस्त. व्यापारी खोटं बोलत नव्हता. पण मिलमध्ये हे लावल्यावर कापड स्टेंटरमधून, म्हणजे कापड ताणून गरम हवेत वाळवणाऱ्या यंत्रातून, दीडशे अंशांच्या आसपास काही मिनिटं जातं, तेव्हा कुठे त्याचे रेणू धाग्यावर रांगेत उभे राहतात. गच्चीवर वाळवलेल्या तुकड्याने थेंब प्यायला. त्याच तुकड्याचा अर्धा भाग कॉटनच्या सेटिंगवर इस्त्री करून घेतला, तर त्यावरून थेंब पाऱ्यासारखा पळाला. दादाने लगेच विचारलं, मग सगळ्या तंबूला इस्त्री केली तर? छप्पर एकशे सत्याऐंशी चौरस फूट. मी त्याला इस्त्री हातात दिली, विषय तिथेच संपला. या जातीच्या रसायनांबद्दल माझा दुसराही आक्षेप आहे. त्यांतल्या जुन्या पिढीशी जोडलेली पीएफओएस आणि पीएफओए ही दोन संयुगं निसर्गात नष्टच होत नाहीत, म्हणून ती अनुक्रमे 2009 आणि 2019 साली स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे अशा चिवट घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेली. नवी रचना वेगळी असते, पण तंबूतून धुऊन येणारं पाणी धरणाच्या पाणलोटात जाणार असेल तर मला ते नकोच.

तुकड्यांची परीक्षा लॅबच्या पद्धतीने घेतली, घरच्या सामानावर. प्रयोगशाळेत फवाऱ्याची चाचणी असते: कापड पंचेचाळीस अंशांत ताणून, 15 सेंटिमीटर वरून 250 मिली पाणी सोडायचं आणि किती ओलं झालं ते बघायचं. आमच्याकडे झारी होती आणि भरतकामाची रिंग. त्याहून कठीण परीक्षा कोनाची, म्हणजे शंकूच्या आकाराची: तुकडा दोनदा दुमडून गाळणीच्या कागदासारखा कोन करायचा, भांड्यावर ठेवायचा, त्यात अर्धा लिटर पाणी भरून रात्रभर सोडायचं. सकाळी मेणाच्या भांड्यात काही नाही. सिलिकॉनच्या कोनाचं टोक दमट, खाली थेंब नाही. साबण-तुरटीच्या खाली चमचाभर पाणी. इस्त्री न केलेल्या इमल्शनच्या कोनात पाणीच उरलं नव्हतं.

छपराला एक, कनातीला दुसरं

निर्णय आकाराने केला. कनाती सुट्या, पिंपात मावणाऱ्या, आणि त्यांच्यावर पाऊस तिरका येतो, साचत नाही. त्यांना साबण-तुरटी पुरेशी. किराणा दुकानात सगळं सामान मिळतं आणि खर्चाचं कुणाला काही वाटत नाही. छप्पर पिंपात एकदम मावत नाही, आणि सगळा भार त्याच्यावर. बारा बाय बाराच्या जमिनीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर छपरावरून साधारण 1,340 लिटर पाणी उतरतं, म्हणजे वीस लिटरचे सदुसष्ट जार. त्यासाठी तयार द्रावण घेतलं.

एप्रिल निवडला तो दोन कारणांनी. ऊन कडक, आणि पाऊस यायला अवकाश. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख 11 जून, पण मे संपता संपता हवा इतकी दमट होते की ब्रशने लावलेलं काही धड वाळत नाही. काम सकाळी सात ते दहा. नंतर गच्ची पायाला भाजते आणि द्रावण कापडात मुरायच्या आधीच वरच्यावर सुकतं. छप्पर उभं करून, ताणून, हलकं ओलं करून घेतलं, कारण या द्रावणाच्या डब्यावर तशी सूचना होती. ओल्या कापडात ते खोल उतरतं. रंगाचा रुंद ब्रश, आडवा एक हात, उभा एक हात. शिवणींना आणि थिगळांच्या कडांना दोनदा. ओघळ साचला की तिथे पांढरट चट्टा पडतो, म्हणून एक पोरगी मागोमाग कोरडं फडकं घेऊन फिरत होती. तिचं काम सगळ्यांत चोख झालं.

दोन दिवस पाणी लागू दिलं नाही. मग परत पाइप, परत खडू. पाख्यांवर पाणी थेंबाथेंबांनी घरंगळत वळचणीला आलं, पागोळ्या बाहेर पडल्या. थिगळांखाली कोरडं. एकच खडूचा गोल उमटला, खांबाचं लोखंडी टोक जिथे छपरातून वर निघतं त्या कडीपाशी. कापड तिथे संपतंच, द्रावण कशाला अडवणार? सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मधोमध भोक पाडून त्या टोकावर टोपीसारखा घट्ट बसवला, मिटलं.

निळी ताडपत्री फेकू नका असं मी सांगितलं. ती वापरायची, पण कॅनव्हासला न टेकता. आढ्यावर दोन बांबूचे ठोकळे बांधून वीतभर उंचीवर तिचं वेगळं छप्पर ताणायचं, चारही बाजूंनी वारा खेळेल असं. मग पावसाचा मार ती झेलते आणि कॅनव्हास श्वास घेतो. हवामान खातं दिवसाला 64.5 मिलिमीटरच्या वर पावसाला जोरदार म्हणतं. त्याच्या वरच्या पावसात एकेरी सुती छप्पर रात्रभर कोरडं राहील अशी हमी मी कुणालाही देणार नाही, कितीही डबे ओता.

शिबिरात काय झालं

पुढच्या काजव्यांच्या वेळी त्यांना पुन्हा वळीव भेटला, यंदा संध्याकाळीच. आत छपराखाली कोरडं होतं. एका कोपऱ्यात मात्र ओघळ आला, आणि तो शिकवण्यासारखा. दोन पोरांनी सॅक पाख्याला टेकवून रचल्या होत्या. ओल्या कॅनव्हासला आतून काही टेकलं की विणीत धरून राहिलेलं पाणी त्या स्पर्शातून आत ओढलं जातं आणि ती जागा वाळेपर्यंत टपकत राहते. यावर एक जुनी युक्ती आहे: टपकणाऱ्या जागेवर बोट ठेवून ते कापडावरूनच सरळ खाली वळचणीपर्यंत ओढत न्यायचं. पाणी त्या रेषेने खाली जातं, डोक्यावर पडत नाही. दादाने ती करून दाखवली, मग पोरांनी गंमत म्हणून सगळ्या तंबूभर बोटं फिरवली. त्याला माझ्याकडे उपाय नाही.

तणाव्यांबद्दल आधीच बजावलं होतं. सुती दोर ओला झाला की आखडतो. संध्याकाळी कडक ताणलेला तणावा पावसात एक तर खुंटी उपटतो नाही तर कडी फाडतो. पाऊस दिसला की थोडे सैल सोडायचे, वाळले की परत ओढायचे. मात्र इतके सैल नाही की पाख्यात खोलगट भाग होऊन पाणी साचेल. साचलेल्या पाण्याच्या वजनापुढे कुठलंच द्रावण फार वेळ टिकत नाही.

वाळवणं

माझ्या मते मुंबईतल्या तंबूचं खरं आयुष्य इथे ठरतं. धुळ्या-जळगावच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, तिकडे उन्हात टाकला की तासाभरात वाळतो. इथे जूनच्या मध्यानंतर हाताला कोरडा लागलेला कॅनव्हासही कोरडा नसतो. प्रमाण हवेत, म्हणजे 65 टक्के आर्द्रतेला, सूत आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण आठ टक्के पाणी धरून असतं, आणि हवा दमट होत जाईल तसं ते वाढतं. तशा अवस्थेत घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की बुरशीला घर बांधून दिलं.

गटात यावर बराच वाद झाला. दादाला जुलै-ऑगस्टमध्ये माळशेजला तंबू न्यायचा होता. मी विचारलं, परत आणून वाळवणार कुठे? कुणाच्या वन-रूम किचनमध्ये बारा फुटांचं ओलं छप्पर पंख्याखाली पसरणार? जिन्यात टांगायला सेक्रेटरी देणार नाहीत. शाळेचा हॉल सुट्टीत मिळतो, पण पावसाळ्यात शाळा चालू. शेवटी ठरलं ते हे: हा तंबू गणपतीनंतर बाहेर काढायचा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात बंद करायचा. भर पावसाळ्यात हलके नायलॉनचे तंबू भाड्याने घ्यायचे, ते झटकले की निम्मे वाळतात. दादाला हे पटलं असं म्हणवत नाही, पण त्याने चाव्या माझ्याकडे दिल्या.

बंद करण्याआधी दोन पूर्ण दिवस ऊन दाखवायचं, शिवणी उलट्या करून. चिखल वाळल्यावर झटकायचा, उरलेला नुसत्या पाण्याने, पावडर घरी ठेवायची. घडी दरवेळी वेगळ्या रेषेवर घालायची, एकाच रेषेवर घातली की द्रावणाचा थर तिथे पहिला झिजतो. गुंडाळायला जुनी सुती चादर. पोटमाळ्याऐवजी तंबू आता एका सभासदाच्या घरी लोखंडी कपाटावर, भिंतीपासून हातभर दूर ठेवलाय, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला कुणीतरी तो उघडून नाक लावून बघतं. वास आला तर एक दिवस पंख्याखाली.

छपरावरचा थर किती टिकेल ते तो किती उन्हात उभा राहतो यावर आहे. वेळ आली हे चमच्याने टाकलेला थेंबच सांगेल. कुर्ल्याच्या कारागिराला त्याच वजनाचा कॅनव्हास मिळालाय. मागच्या कनातीचा पट्टा गणपतीची गर्दी ओसरल्यावर बदलून देतो म्हणालाय, आणि यंदा दोरा सुतीच घेणार का हे त्यानेच आम्हाला विचारलं.